सात बेटांची गोष्ट आणि माहीमची खाडी

दर वर्षी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, रुळांवर पाणी साचल्याच्या पहिल्या छायाचित्राबरोबर एक मजकूर फिरू लागतो. सोबत नकाशा असतो: निळ्या पाण्यात सात हिरवे तुकडे आणि प्रत्येकावर नाव, म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. शब्दांत थोडाफार फरक असतो, पण आशय असा:

"मुंबई म्हणजे मुळात सात ओसाड बेटे. कोळ्यांच्या चार झोपड्यांशिवाय तिथे काही नव्हते. पोर्तुगीजांनी त्यांना 'बोम बाहिया' हे नाव दिले आणि १६६१ साली ही सातही बेटे इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली. राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिली. १७८४ साली हॉर्नबी या गव्हर्नरने वरिष्ठांचा हुकूम मोडून सातही बेटे जोडली आणि त्याची नोकरी गेली. कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची आजची मुंबई याच सात बेटांवर आणि त्यांच्यामधल्या भरावावर उभी आहे. म्हणूनच पावसाळ्यात समुद्र आपली जागा परत मागतो."

या मजकुरातले एक वाक्य बरोबर आहे, एक अर्धे बरोबर आहे आणि बाकीची चुकीची आहेत. बरोबर आहे ते १० पौंडांचे. दुसऱ्या चार्ल्सने २७ मार्च १६६८ च्या सनदेने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली आणि त्या बदल्यात वर्षाला १० पौंड सोन्याच्या रूपात द्यावेत असे ठरले. हेच भाडे इंग्रज पोर्तुगीजांना देत होते असे सांगणारा एक उपप्रकारही फिरतो. तो मात्र निखालस खोटा आहे. आता उरलेल्या वाक्यांकडे वळू.

"सात ओसाड बेटे" यातल्या "ओसाड" या शब्दाबद्दल फार लिहिण्याची गरज पडू नये. परळला १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना सापडलेले, साधारण सहाव्या शतकातले प्रचंड शिवशिल्प आजही तिथल्या बारादेवीच्या देवळात आहे. वाळकेश्वर आणि बाणगंगा यांचा संबंध शिलाहारांच्या काळाशी जोडला जातो. माहीमचे सूफी पंडित मखदूम अली माहिमी हे १४३१ साली वारले आणि त्यांचा दर्गा आजही माहीमची ओळख आहे. कुराणावर भाष्य लिहिणारा विद्वान ओसाड खडकावर पोसला जात नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'त बिंब राजाने माहीमला वस्ती कशी बसवली याचे वर्णन आहे. बखरीतला तपशील जसाच्या तसा इतिहास म्हणून घेता येत नाही हे मान्य केले, तरी कोळ्यांच्या जोडीने आगरी, भंडारी, पाचकळशी आणि पाठारे प्रभू या समाजांच्या स्मृतीत माहीम हे राजधानीचे गाव म्हणून रुजले, ते कशाच्या तरी आधाराने. शिवाय डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हा त्याने वसूल येणारी गावे दिली होती.

"बोम बाहिया" ही व्युत्पत्ती तर पोर्तुगीज व्याकरणालाच मान्य नाही. त्या भाषेत 'बाहिया', म्हणजे उपसागर, हा शब्द स्त्रीलिंगी आहे. 'चांगला उपसागर' म्हणायचे असते तर कोणाही पोर्तुगीज खलाशाच्या तोंडून 'बोआ बाहिया' निघाले असते. पोर्तुगीज कागदांत नाव येते ते 'मोंबाइम', 'बोंबाइम' अशा रूपांत, आणि त्यामागे मुंबादेवीचे नाव ऐकू येण्यासाठी भाषाशास्त्र शिकावे लागत नाही. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याला राजाकडून मुंबई कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाली होती. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या वनौषधींवरील ग्रंथात तो तिचा उल्लेख 'मोंबाइम' असा करतो आणि तिला आपल्याला मिळालेली "जमीन आणि बेट" म्हणतो. बेट, बेटे नव्हे. हे एकवचन लक्षात ठेवावे, कारण पुढे सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

हुंड्याच्या वाक्यात तीन चुका एकमेकींत गुंतलेल्या आहेत. दुसरा चार्ल्स आणि ब्रगांझाची कॅथरीन यांच्या विवाहाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला. त्याच्या अकराव्या कलमात पोर्तुगालने जे दिले त्याचे वर्णन "मुंबईचे बंदर आणि बेट" असे आहे. इथेही एकवचनच आहे आणि सात हा आकडा करारात कुठेच नाही. हुंड्याचा मोठा भाग मुंबई नव्हतीच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजियर आणि २० लाख क्रुझादोंची रोकड ही त्या काळच्या इंग्लंडला जास्त मोलाची वाटत होती. दुसरे असे की हा करार एकतर्फी देणगीचा नव्हता. स्पेनशी झुंजणाऱ्या पोर्तुगालला इंग्लंडचे सैन्य हवे होते, आणि पूर्वेकडे डच एकामागून एक पोर्तुगीज ठाणी गिळत असल्यामुळे भारतातल्या उरल्यासुरल्या मुलुखाच्या रक्षणाचे वचन इंग्लंडकडून एका गुप्त कलमाने घेतले गेले होते. आपल्याकडे हुंडा या शब्दाला जो अर्थ आहे तो इथे लावला की हा सगळा राजकीय सौदा दिसेनासा होतो.

तिसरी चूक सर्वांत मजेदार आहे, आणि तिच्यातच बेटांच्या संख्येच्या वादाचे मूळ आहे. १६६१ साली इंग्रजांना काहीच मिळाले नाही. सर अब्राहम शिपमन सैन्य घेऊन १६६२ साली मुंबईसमोर आला, तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द कास्त्रु याने ताबा देण्यास साफ नकार दिला. शिपमनची तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन थांबली. तिथे तापाने आणि उपासमारीने बहुतेक शिपाई मेले आणि १६६४ साली शिपमनही वारला. त्याचा सचिव हम्फ्री कुक याने अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा घेतला. ताबा कशाचा, यावर लगेच भांडण सुरू झाले. पोर्तुगीजांचे म्हणणे असे की आम्ही मुंबईचे बेट दिले आहे, माहीम हे वेगळे बेट आहे आणि ते आमचे आहे. कुकचे म्हणणे असे की ओहोटीच्या वेळी मुंबईहून माहीमला पायी जाता येते, त्यामुळे माहीम हा मुंबईचाच भाग आहे. आणि त्याने माहीम घेतले. कुलाबा आणि धाकटा कुलाबा ही दक्षिणेकडची दोन तर १६७५ पर्यंत इंग्रजांच्या हाती आली नाहीत.

म्हणजे मुंबई एक बेट आहे की अनेक, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर देणाऱ्या दोन्ही पक्षांचा त्यात स्वार्थ होता. ज्याला जास्त जमीन हवी होती त्याला ते एक बेट दिसत होते. ज्याला कमी द्यायची होती त्याला अनेक दिसत होती. माझ्या मते दोघांपैकी कोणीही डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीबद्दल खोटे बोलत नव्हते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये पाण्याच्या पातळीत ४ मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. उंचवट्यांमधली जमीन सपाट आणि सखल असली की सकाळी जिथे होडी लागते तिथे दुपारी चिखल तुडवत जाता येते. महंमद अली रोडवर पायधुणी आहे. आज तिथे हातगाड्या, टॅक्सी आणि तांब्यापितळेच्या दुकानांच्या गर्दीत उभे राहायला जागा नसते, पण नाव सांगते की इथे खाडीचे पाणी ओलांडून आलेला माणूस चिखलाचे पाय धूत असे. लागूनच उमरखाडी आहे. ही जागा समुद्राची होती की जमिनीची, या प्रश्नाला तिथल्या जुन्या रहिवाशाने "कधीची सांगू, सकाळची की संध्याकाळची?" असेच उत्तर दिले असते.

कोकणात खाजण म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजायला अवघड जाऊ नये. खाडीकाठची खारवट जमीन, तिला मातीचा बांध, बांधाला उघाडी (पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार), पावसाळ्यात गोड्या पाण्यावर भात आणि उन्हाळ्यात मीठ. बांधाला खांड पडली की वर्षभर समुद्र, बुजवली की पुन्हा शेत. मुंबईतली मधली सखल जमीन बऱ्याच अंशी याच जातीची होती. कंपनीने सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लहान खांडी बुजवायला सुरुवात केली आणि पाण्याखालून निघालेली जमीन ठरावीक साऱ्यावर लागवडीला दिली. त्या साऱ्याला 'फोरास' असा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द होता. फोरास रोडचे नाव तिथून आले; पुढे वेश्यावस्तीमुळे त्या रस्त्याला जी बदनामी चिकटली तिच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही.

मग सात हा आकडा कुठून आला? दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात पश्चिम किनाऱ्याजवळ 'हेप्टानेशिया', म्हणजे सात बेटे, असा एक उल्लेख आहे. त्याने दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून ती नेमकी कोणती हे ठरत नाही, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांपर्यंत अनेक जागा सुचवल्या गेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या हौशी इतिहासकारांना मात्र आपल्या शहराला ग्रीक वंशावळ मिळते आहे हे फार आवडले. त्याच शतकाच्या पूर्वार्धात मर्फी नावाच्या अभ्यासकाने जुनी वस्ती, गावांची नावे आणि जमिनीची उंची यांवरून मुंबई पूर्वी वेगवेगळी बेटे असावीत असा तर्क मांडला आणि तसा नकाशा काढला. तर्क वाईट नव्हता, परंतु तो तर्क होता. पुढे १९०० च्या आसपासच्या सरकारी आणि अर्धसरकारी इतिहासांनी तो उचलला, पाठ्यपुस्तकांनी त्यांच्याकडून घेतला, आणि आज भ्रमणध्वनीवर येणारा हिरव्या तुकड्यांचा नकाशा त्याच घराण्यातला आहे. तो नकाशा १६६१ चा नाही. त्या काळच्या माणसाने काढलेला सात बेटांचा नकाशा म्हणून जो दाखवला जातो तो या पुनर्रचनेचाच कुठला तरी नातू असतो.

हॉर्नबीची गोष्ट सांगायला छान आहे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली मोठी खांड बुजवायची परवानगी लंडनने नाकारली, तरी त्याने काम पुरे केले, बडतर्फीचे पत्र आले ते त्याने खिशात घातले, इत्यादी. विल्यम हॉर्नबी १७७१ पासून १७८४ पर्यंत, म्हणजे १३ वर्षे गव्हर्नर होता. इतक्या दीर्घ कारकिर्दीनंतर तो पायउतार झाला यात बडतर्फी शोधण्याचे कारण दिसत नाही. पण खिशातल्या पत्रावर मी वेळ घालवणार नाही, कारण मुख्य चूक निराळी आहे. हॉर्नबी वेलार्ड हा एक बांध आहे. आज त्यावरून लाला लजपतराय मार्ग जातो आणि डावी-उजवीकडे हाजी अली आणि रेसकोर्स दिसतात. त्या एका बांधामुळे महालक्ष्मी, भायखळा आणि परळ यांच्यामधल्या सखल भागात घुसणारी भरती थांबली, आणि कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्यांना हळूहळू कोरडी जमीन मिळाली. काम मोठेच होते. परंतु त्याने सातही बेटे जोडली हे म्हणणे म्हणजे घराचा एक दरवाजा लावला म्हणून सगळ्या खिडक्याही बंद झाल्या असे म्हणण्यासारखे आहे. कुलाबा मुंबईला रस्त्याने जोडला गेला तो १८३८ साली, हॉर्नबी गेल्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. पूर्व किनाऱ्यावरचा गोद्यांचा भराव १८५८ नंतरचा आणि प्रिन्सेस डॉक १८८० मधली. बॅक बेमध्ये भराव घालण्यासाठी काढलेली कंपनी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातल्या कापसाच्या तेजीत फुगली आणि १८६५ मध्ये बुडाली; तेच काम १९२० च्या दशकात सरकारने पुन्हा हाती घेतले, त्यातला गैरकारभार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, आणि योजना अर्धवट राहिली. मरीन ड्राइव्ह त्या अर्धवट योजनेतून उरलेली चांगली गोष्ट आहे. पुढच्या पिढीने आणखी भराव घातला आणि त्या भरावाला, काहीशा खोडकर योगायोगाने, नरिमन यांचेच नाव मिळाले.

आता अर्धे बरोबर असलेले वाक्य: "समुद्र आपली जागा परत मागतो." हिंदमाता, परळ, दादर टीटी, भायखळ्याचा काही भाग या जागा दर पावसाळ्यात बातम्यांत असतात आणि त्यातल्या काही खरोखरच त्या जुन्या सखल पट्ट्यातल्या आहेत. तिथे जमिनीची पातळी उधाणाच्या भरतीपेक्षा खाली असते, त्यामुळे भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पर्जन्यवाहिन्यांची तोंडे समुद्राच्या पाण्याखाली जातात आणि पाणी बाहेर पडत नाही. महानगरपालिकेने पाणी उपसण्यासाठी हाजी अली, लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर इथे उदंचन केंद्रे बांधली. हाजी अलीचे केंद्र हॉर्नबीच्या बांधाच्या कडेलाच आहे, म्हणजे १७८० च्या दशकात जिथे समुद्राला आत येण्यापासून अडवले तिथूनच आता आतले पाणी त्याच्याकडे परत ढकलावे लागते. एवढ्यापुरता मजकूर खरा आहे.

तथापि मुंबईच्या आठवणीतला सर्वांत मोठा पूर या स्पष्टीकरणात बसत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर झाला. कुलाबा हे त्या "सात बेटां"पैकी एक. सांताक्रूझ त्यांपैकी एकातही नाही. ज्या भागात सर्वाधिक हानी झाली, म्हणजे कुर्ला, कलिना, मिठी नदीचा सगळा काठ, तो साष्टीचा, म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडच्या मोठ्या बेटाचा. तिथे नदीच्या पात्रात अतिक्रमण झाले, तिवरांच्या जागी भराव पडला आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीचे तोंड अरुंद झाले. हा सगळा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कारभार आहे आणि त्याची जबाबदारी ठरवता येते. "समुद्र परत मागतो" म्हटले की ती कोणाचीच राहत नाही. मला या वाक्याचा राग येतो तो म्हणून.

आणि इथेच मजकुरातल्या सर्वांत मोठ्या चुकीपाशी आपण येतो: "कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची आजची मुंबई याच सात बेटांवर उभी आहे." ती सात, एक किंवा जितकी असतील तितकी बेटे धरली, तरी त्यांचा शेवट माहीम आणि शीव इथे होतो. शीव या नावाचा अर्थच वेस, हद्द. पलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी. षट्षष्टी म्हणजे ६६ गावांवरून हे नाव आले असे मानतात. वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड ही सारी साष्टीवरची गावे आहेत. आजच्या बृहन्मुंबईत जुन्या बेटाचा वाटा साधारण ६८ चौरस किलोमीटरांचा आहे. बाकीचे, म्हणजे त्याच्या कित्येक पटींनी मोठे क्षेत्र, साष्टीचे आणि तिला चिकटलेल्या तुर्भ्यासारख्या (म्हणजे ट्रॉम्बेसारख्या) बेटांचे आहे. वांद्र्याच्या माणसाला तो भरावावर राहतो असे सांगणे म्हणजे त्याच्या गावाचा इतिहासच पुसणे आहे.

ही खाडी दोन मोहल्ल्यांमधला नाला नव्हती. १६६५ पासून ती दोन राज्यांची सीमा होती. दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला पोर्तुगीज. माहीमचा किल्ला, शीवचा टेकडीवरचा किल्ला आणि धारावीचा काळा किल्ला खाडीच्या अलीकडच्या काठावर, तर वांद्र्याचा आग्वाद पलीकडच्या. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि साष्टी मराठ्यांकडे आली, १७३९ मध्ये वसई पडली, आणि माहीमच्या पहारेकऱ्यांना समोर पोर्तुगीजांऐवजी मराठी फौज दिसू लागली. ही स्थिती ३७ वर्षे टिकली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. दोन्ही काठ एका सत्तेखाली आल्यावरच कोणाला पूल सुचला. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात शीव ते कुर्ला हा बांधरस्ता १८०५ मध्ये पुरा झाला. माहीम ते वांद्रे मात्र त्यानंतरही ४० वर्षे होडीच होती. सरकारने पैसे देण्यास नकार दिल्यावर सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. मुंबईला साष्टीशी जोडण्याचे श्रेय एका व्यक्तीला द्यायचेच असेल, तर त्या मजकुरात हॉर्नबीच्या जागी त्यांचे नाव घालावे, असे मी सुचवीन.

रस्ता झाला, १८५३ मध्ये शीवच्या दलदलीतून आगगाडी ठाण्याला गेली, तरी कारभाराची खाडी तशीच राहिली. मुंबईची नगरपालिका ही बेटाची नगरपालिका होती. १८६५, १८७२ आणि १८८८ च्या कायद्यांनी तिचे अधिकार, तिचा आयुक्त, तिचे निवडून आलेले सभासद ठरले, परंतु तिची हद्द माहीम-शीवलाच संपत होती. साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १९२० मध्ये त्यातून मुंबई उपनगर जिल्हा काढला गेला. खाडीपलीकडे वांद्र्याची १८७६ पासूनची स्वतंत्र नगरपालिका होती, कुर्ल्याची होती, आणि नंतर इतर लहान नगरपालिकाही निघाल्या. पाणी, दिवे, मैला, कर यांची व्यवस्था त्यांची त्या पाहत. १९५० मध्ये पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंतचा भाग आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महानगरपालिकेत आला, आणि वांद्रे-कुर्ल्याच्या नगरपालिका संपल्या. त्या मजकुरातल्या "आजच्या मुंबई"चे वय म्हणून भराव मोजून काढायचे नसते. ते कायद्याच्या पुस्तकात छापलेले आहे, आणि ते अजून शंभरीतही नाही.

याच ओघात एक पुरवणी. "भरावामुळे मुंबई आता बेट राहिलेली नाही" असेही या मजकुराखाली कोणीतरी लिहितेच. मुंबईचे जुने बेट साष्टीला चिकटले हे खरे, पण साष्टी स्वतः बेट आहे. उत्तरेला वसईची खाडी, ईशान्येला उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी. विरारच्या गाडीत भाईंदर सोडल्यावर नायगाव येईपर्यंत खिडकीबाहेर जे पाणी दिसते, किंवा वाशीच्या पुलावर जे दिसते, ते ओलांडल्याशिवाय मुंबईतून जमिनीवरून मुख्य भूमीवर जाता येत नाही. मुंबई बेटावर आहे. फक्त बेट बदलले.

जुन्या बेटाच्या नगरपालिकेची हद्द पाहायची असेल तर नकाशाही लागत नाही. महानगरपालिकेच्या विभागांची अक्षरे पाहावीत: 'ए'पासून 'जी'पर्यंतचे सगळे विभाग माहीम-शीवच्या अलीकडे, आणि 'एच'पासून पुढचे सगळे पलीकडे. वांद्रे 'एच' आहे, कारण १९५० मध्ये अक्षरांची यादी जिथे संपली होती तिथून पुढे सुरुवात करावी लागली. विजेचे बिल पाहावे: माहीमला ते बेस्टचे येते, वांद्र्याला खासगी कंपनीचे. बेस्ट ही त्या जुन्या शहराची सेवा. तिच्या बसगाड्या खाडी ओलांडून दहिसरच्याही पुढे जातात, तारा मात्र अजून शीव-माहीमच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. आणि हे दोन्ही नको असेल तर अंधेरीहून रिक्षाने निघून दादरला सोडायला सांगावे. कॉजवेच्या तोंडाशी, वांद्र्याच्या बाजूला, चालक रिक्षा कडेला घेतो, मीटर बंद करतो आणि म्हणतो, "यापुढे टॅक्सी बघा."